पाऊल अडकेल का?

तयार संच न घेता, नुसते लाकूड, पितळ आणि दोरा यांतून शिडाच्या जहाजाची प्रतिकृती पहिल्यापासून घडवली, की पाहणाऱ्याची नजर आधी जहाजाच्या अंगाच्या वळणावरून फिरते आणि मग डेकवर उतरून तिथेच रेंगाळते. दोरांच्या कप्प्या, तोफा, सुकाणूचे चाक, नांगर, डेकवरच्या जाळ्या, दोर गुंडाळून अडकवायच्या खुंट्या या सगळ्या सामानाला छंदी मंडळी फिटिंग्ज म्हणतात. महिनोन्‌महिने खपून बांधलेले जहाज खरे वाटते की खेळण्यातले, हे बहुतेक वेळा या बोटभर वस्तूंवर ठरते. शितावरून भाताची परीक्षा इथे अगदी शब्दशः होते. त्यामुळे एक समजूत रूढ झाली आहे, की फिटिंग्जवर जितके बारकावे जास्त, तितकी प्रतिकृती खरी. मला ही समजूत चुकीची वाटते. फिटिंग खरे वाटण्यासाठी आधी त्याचे माप प्रमाणात हवे, मग त्याची सगळी भावंडे एकसारखी हवीत. बारकाव्यांचा क्रमांक या दोन्हींनंतर येतो, आणि तेही डोळ्याला दिसतील एवढेच.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एकच जहाज समोर ठेवू. ‘त्रिंकोमाली’ ही ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हाताखाली सागवानात बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर आहे. तिच्या तोफमजल्याची लांबी सुमारे १५० फूट. इंग्लंडच्या आरमारी आराखड्यांत आणि जुन्या सरकारी प्रतिकृतींत एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ हे प्रमाण फार वापरले जाई. त्या प्रमाणात हा मजला सुमारे ९५ सेंटिमीटरांचा होतो आणि पाच फूट सात इंचांचा खलाशी साडेपस्तीस मिलिमीटरांचा. आता डेकवरची लाकडी जाळी घ्या. खालच्या मजल्यावर हवा आणि उजेड पोचावा आणि तोफांचा धूर वर निघून जावा, म्हणून झडपांच्या जागी या जाळ्या बसवत. त्यांच्यावरून माणसे धावत, तीही पुष्कळदा अनवाणी, ओल्या लाकडावरून आणि डुलत्या जहाजात. म्हणून जाळीचे भोक साधारण तीन इंचांहून मोठे ठेवत नसत. टाच आत गेली तर घोटा मोडायचा. तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर, १:४८ मध्ये १.६ मिलिमीटर. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांतून जुळवलेल्या जाळीचे भोक अडीच मिलिमीटरांचे असेल, तर खऱ्या जहाजावर ते बारा सेंटिमीटरांचे ठरते आणि खलाशाचे पाऊल त्यात सहज उतरते. तीच जाळी १:९६ च्या प्रतिकृतीवर बसवली तर भोक जवळजवळ वीतभर होते. कडा कितीही सफाईने घासल्या आणि लाकूड कितीही उत्तम वापरले, तरी ही चूक झाकली जात नाही. पाहणाऱ्याला जाळीचे माप ठाऊक नसते, पण पावलाचे माप त्याच्या अंगात मुरलेले असते. जिथे जहाजाचा माणसाच्या शरीराशी संबंध येतो, त्या प्रत्येक जागी, म्हणजे चाकाची मूठ, शिडीची पायरी, कठड्याची उंची, खुंटीची जाडी यांत, प्रमाणाची चूक आधी कळते.

मापे कुठून आणायची, याचीही सोय आहे. डेव्हिड स्टील यांनी १७९४ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या दोरकामाच्या ग्रंथात जहाजाच्या आकारानुसार कोणत्या जागी किती जाड दोर आणि किती लांब कप्पी, याचे तक्ते आहेत. फक्त एक खोच लक्षात ठेवावी लागते. त्या काळी दोराचे माप व्यासाने सांगत नसत, परिघाने सांगत. सहा इंची दोर म्हणजे सहा इंच घेराचा, सुमारे ४८ मिलिमीटर जाडीचा दोर, आणि १:४८ मध्ये तो एक मिलिमीटरचा होतो. परिघालाच व्यास समजणारा माणूस तिप्पट जाड दोरा लावतो. दोर जाड झाला की कप्पीचे भोक मोठे करावे लागते, मग कप्पी मोठी, मग खुंटी जाड. अशी एकच चूक साऱ्या डेकभर पसरते.

आता बारकाव्यांकडे वळू. प्रतिकृती आपण साधारण एका फुटावरून, ३० सेंटिमीटरांवरून पाहतो. १:४८ मध्ये हे अंतर चौदा मीटरांहून थोडे अधिक होते, १:९६ मध्ये जवळजवळ एकोणतीस. म्हणजे प्रतिकृती पाहणारा माणूस जणू धक्क्यावर उभा राहून जहाज पाहत असतो. निरोगी डोळ्याला ३० सेंटिमीटरांवरून एकमेकांपासून वेगळ्या ओळखता येतील अशा दोन रेषांमधले अंतर सुमारे ०.०९ मिलिमीटर असते. याचा अर्थ, १:४८ च्या प्रतिकृतीवर खऱ्या जहाजावरची चार मिलिमीटरांहून लहान गोष्ट दिसणारच नाही, १:९६ वर आठ मिलिमीटरांहून लहान. एखाद्या खिळ्याचे डोके दाखवायचे म्हणून कारागीर ते दिसेल इतके मोठे करतो, आणि तिथेच त्याची फसगत होते. न दिसणारा बारकावा दिसण्यासाठी फुगवला की तो बारकावा राहत नाही, तो खोटा उंचवटा होतो. डेकच्या फळ्यांतल्या लाकडी मेखा हे याचे ठळक उदाहरण. खऱ्या मेखा इंच-सव्वा इंच जाड, म्हणजे १:४८ मध्ये अर्धा ते पाऊण मिलिमीटर, आणि रंग फळीच्याच जवळचा. बांबूची काडी पोलादी पट्टीतल्या उतरत्या भोकांतून ओढत नेऊन त्या करता येतात, आणि नीट केल्या तर जवळ गेल्यावरच जाणवतात. पण गडद लाकडाच्या, एक मिलिमीटरच्या मेखा ठोकलेले डेक गोवर उठल्यासारखे दिसते. चकाकीचेही तसेच. चौदा मीटरांवरून पाहिलेली लोखंडी तोफ आरशासारखी झळकत नाही. म्हणून तोफ पितळेची केली असली, तरी ती काळी आणि निस्तेज करावी.

यावर कोणी म्हणेल, डोळा इतका अधू असेल तर एवढा काटेकोरपणा हवाच कशाला? दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कोणाला कळणार? याचे उत्तर त्याच डोळ्याच्या दुसऱ्या गुणात आहे. दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखण्यात डोळा जितका पटकन थकतो, तितकाच रांगेतली फूट ओळखण्यात तो तीक्ष्ण असतो. एका सरळ रेषेचे दोन तुकडे थोडे जरी सरकले, तरी ते आपल्याला कळते, आणि ही ताकद साध्या दृष्टीच्या मर्यादेहून कितीतरी पटींनी सूक्ष्म आहे. ३० सेंटिमीटरांवरून मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापेक्षाही लहान फरक अशा रीतीने जाणवू शकतो. प्येर व्हर्निए यांनी १६३१ मध्ये मांडलेली मापपट्टी, आपल्या कारखान्यांतला व्हर्निअर, डोळ्याच्या याच गुणावर चालते. आपण जाडी डोळ्यांनी मोजत नाही, कोणती रेषा कोणत्या रेषेशी जुळली एवढेच पाहतो. ‘त्रिंकोमाली’ ज्या लीडा वर्गातली, त्या वर्गाच्या मुख्य तोफमजल्यावर अठरा पौंडी २८ तोफा असत, चौदा या अंगाला आणि चौदा त्या. नऊ फुटी तोफ १:४८ मध्ये ५७ मिलिमीटरांची होते. चौदाही तोफा ५६ मिलिमीटरांच्या झाल्या तर कोणाच्या बापाला कळणार नाही. पण तेरा ५७ च्या आणि एक ५६ ची झाली, तर खिडक्यांतून डोकावणाऱ्या तोंडांची रांग मोडते आणि नजर नेमकी तिथेच अडखळते. म्हणून एकसारखेपणाला मी प्रमाणाच्या खालोखाल आणि बारकाव्याच्या वर ठेवतो. एकट्या वस्तूची चूक खपून जाते, रांगेतली खपत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुनी जहाजे माणसांच्या हातांनी घडली, त्यांत वस्तू हुबेहूब एकसारख्या नव्हत्याच. मग प्रतिकृतीत साच्यातून काढल्यासारखा सारखेपणा आणणे हाच इतिहासाचा विपर्यास नाही का? दोन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात. खऱ्या कप्पीच्या लांबीत सुताराच्या हाताने पाच मिलिमीटरांचा फरक पडला असे धरले, तरी १:४८ मध्ये तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा होतो. आपण हाताने एकेक कप्पी कोरतो तेव्हा पडणारा फरक सहज याच्या पाचपट असतो. खऱ्या सुताराचा हात दाखवायचा, तर प्रतिकृतीकाराला यंत्रासारखेच नेमके व्हावे लागते. दुसरी गोष्ट अशी, की कप्प्यांच्या बाबतीत हा आक्षेप काळाच्या कसोटीवरही टिकत नाही. १८०३ पासूनच्या काही वर्षांत पोर्ट्समथच्या आरमारी गोदीत मार्क ब्रुनेल यांनी आखलेली आणि हेन्री मॉडस्ले यांनी घडवलेली ४५ यंत्रे वाफेच्या बळावर कप्प्या बनवू लागली. १८०८ मध्ये तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या तयार होत होत्या आणि ११० कसबी कारागिरांचे काम दहा साधे मजूर करत होते. चौऱ्याहत्तर तोफांच्या एका युद्धनौकेला हजाराच्या आसपास कप्प्या लागत, त्यामुळे या कारखान्याची निकड लक्षात येते. मोठ्या प्रमाणावर एकसारखी वस्तू यंत्राने बनवण्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत या कप्प्या मोजल्या जातात. तेव्हा १८०८ नंतरच्या ब्रिटिश युद्धनौकेच्या प्रतिकृतीवर कप्प्या वेगवेगळ्या दिसणे हीच इतिहासाची चूक ठरते.

पोर्ट्समथचे यंत्र प्रतिकृतीकाराला आणखी एक गोष्ट शिकवते, आणि माझ्या मते या साऱ्या हस्तकौशल्याचे मर्म तिच्यातच आहे. ब्रुनेल यांच्या एका यंत्रात दहा कप्प्या मोठ्या चाकाच्या कडेला पकडून फिरवत आणि सगळ्यांची पाठ एकाच पात्याने एकदम गोलवत. कामगार कप्पीला आकार देत नसे, तो कप्पी पकडीत बसवत असे. आपणही कप्पी कोरायची नाही, कप्पी पकडणारे साधन करायचे. बारा इंची कप्पी १:४८ मध्ये ६.३ मिलिमीटरांची, सहा इंची ३.२ ची. एवढी वस्तू चिमटीत धरून तासणे म्हणजे बोटे कापून घेणे. त्याऐवजी घट्ट लाकडाची हातभर पट्टी घ्यावी. तिची रुंदी आणि जाडी आधीच कप्पीच्या रुंदी-जाडीइतकी तासून ठेवावी. एका पत्र्यात ठरलेल्या अंतरावर भोके पाडून तो पट्टीवर बसवावा आणि त्यातून ड्रिल चालवावे. अंतर पत्रा राखतो, हात राखत नाही. भोके पाडतानाही खऱ्या कप्पीची रचना आठवावी. दोर कप्पीच्या नुसत्या आरपार जात नाही, आतल्या चाकाला वळसा घालून परत येतो. म्हणून एका भोकाऐवजी एकाखाली एक अशी दोन भोके पाडून त्यांच्यामध्ये बारीक चर खोदला, की आत चाक असल्याचा भास होतो. एकच भोक असलेली कप्पी ओवलेल्या मण्यासारखी दिसते. दोराचा गळपट्टा बसण्यासाठी चारही कडांना चर पाडावा, मग तुकडे सुटे करावेत आणि आतून पॉलिश पेपर लावलेल्या डब्यात घालून तो डबा बराच वेळ फिरवत ठेवावा. धारदार कडा आपोआप गोल होतात, आणि सगळ्यांच्या सारख्याच होतात. जाळीचेही असेच. करवतीने पट्ट्यांना समान अंतरावर फणीसारख्या खाचा पाडायच्या, करवतीचा काप पट्टीच्या जाडीइतकाच ठेवायचा आणि एक फणी दुसरीत आडवी बसवायची. तिथे सगळा कस खाचेचे अंतर राखणाऱ्या छोट्या खिट्टीचा लागतो. खिट्टी बरोबर असेल तर शंभर भोके बरोबर येतात.

हे ऐकून अनेकांच्या मनात येते, की मग बाजारातून विकतच का आणू नये, किंवा त्रिमितीय छपाईच्या यंत्राला का सांगू नये? सांगावे. मी त्याला अपवित्र मानत नाही. राळेत छापणाऱ्या यंत्राचा एकेक थर सुमारे ०.०५ मिलिमीटरांचा असतो, डोळ्याच्या मर्यादेच्या आत, आणि सुकाणूच्या चाकाच्या मुठी त्यात सुरेख उतरतात. पण यंत्राला द्यायचे चित्र कोणी काढायचे? माप, तारीख, काय ठेवायचे आणि काय वगळायचे, हा निर्णय प्रतिकृतीकाराचाच. तो आपण केला असेल, तर कानस आपल्या हातात होती की यंत्राच्या, याने मला फरक पडत नाही. एक तोफ मन लावून लेथवर घडवून तिच्या साच्यातून बाकीच्या सत्तावीस ओतणारा कारागीरही माझ्या लेखी पहिल्यापासून घडवणाराच आहे. माझा आक्षेप दुसऱ्याच्या जहाजासाठी, दुसऱ्या प्रमाणात केलेली वस्तू ‘जवळपास बसते’ म्हणून घेण्यावर आहे. बिलेइंग पिन म्हणजे दोर अडकवायची खुंटी साधारण सोळा इंचांची, १:४८ मध्ये साडेआठ मिलिमीटर लांब आणि तिचे खोड अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरच्या दरम्यान. विकतच्या खुंट्या दांडगट निघाल्या तर त्या ओळीने लावलेल्या मुद्गलांसारख्या दिसू लागतात. छापलेल्या वस्तूंच्या टिकाऊपणाचाही विचार हवा. यातल्या पुष्कळशा राळा उजेडात पिवळ्या आणि ठिसूळ होतात.

टिकाऊपणाच्या बाबतीत सर्वांत कडू धडा शिशाने दिला आहे. ओतायला सोपे, लवकर वितळणारे, म्हणून कितीतरी जुन्या प्रतिकृतींच्या तोफा आणि नांगर शिशाचे किंवा शिसे मिसळलेल्या धातूचे केले गेले. लाकडातून, विशेषतः ओकमधून, हळूहळू आम्लाच्या वाफा निघत असतात. काचेच्या बंद पेटीत त्या कोंडतात आणि शिशावर पांढरी पूड जमू लागते. पूड झाडून रंग दिला तरी रोग आत चालूच राहतो आणि शेवटी तोफेच्या जागी पांढऱ्या भुकटीचा ढीग उरतो. जी पेटी जपण्यासाठी केली, तीच घात करते. म्हणून मिश्रधातू घ्यायचा तर शिसेविरहित, कथिलाचा घ्यावा, पेटीला हवेसाठी फट ठेवावी, आणि जमेल तिथे पितळ किंवा तांबे वापरावे.

लाकडाचा प्रश्न मुंबईच्या जहाजाच्या बाबतीत भावनेला हात घालतो. मलबारच्या सागाने या जहाजाला दोनशेहून अधिक वर्षे तगवले, मग त्याची प्रतिकृती सागाचीच हवी, असे वाटणे साहजिक आहे. तरीही फिटिंग्जसाठी साग वापरू नये. लाकडाची रंध्रे प्रमाणात लहान होत नाहीत. सागाचे उघडे तंतू १:४८ च्या कप्पीवर खऱ्या जहाजावरच्या बोटभर भेगांसारखे दिसतात आणि पातळ काठ सुटून येतात. युरोपात यासाठी बॉक्सवूड आणि नासपतीचे लाकूड वापरत आले. आपल्याकडे पिवळसर, घट्ट विणीचा हेदू आहे, आणि चन्नपट्टणची खेळणी ज्या पांढऱ्या लाकडात कातली जातात तो काळा कुडा आहे. जहाज सागाचे होते हे दाखवण्यासाठीच प्रतिकृतीत साग टाळावा लागतो.

वजनही असेच प्रमाणात उतरत नाही. लांबी अठ्ठेचाळिसाव्या हिश्शावर आली की वजन एक लाख दहा हजारांहून अधिक पटींनी कमी होते. म्हणून खुंटीवर टांगलेला खरा दोर स्वतःच्या भाराने खाली लोंबतो, तर प्रतिकृतीतला दोऱ्याचा वेढा तारेसारखा फाकून उभा राहतो. डेकवरच्या इतर सगळ्या वस्तू निर्दोष असल्या, तरी एक फाकलेला वेढा जहाजाला खेळणे करून टाकतो. इथे निसर्ग आपले काम करणार नाही, ते आपणच करायचे. दोन टाचण्यांवर दोर गुंडाळून, पातळ केलेल्या गोंदाने ओला करून, खाली लोंबेल असा ओढून वाळवायचा आणि मग खुंटीवर चढवायचा. एकसारखेपणाचा नियम मात्र इथे सोडावा. दोर माणसांनी घाईत गुंडाळलेले असतात, सगळे वेढे तंतोतंत सारखे दिसले तर ते खोटे वाटतात.

माझ्या मांडणीविरुद्ध सर्वांत सुंदर पुरावा हाडांच्या जहाजांचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी, पीटरबरोजवळच्या नॉर्मन क्रॉससारख्या छावण्यांत, शिध्यातल्या मांसाची हाडे कोरून जहाजे घडवली आणि विकली. त्यांतली कलाकुसर पाहून श्वास रोखला जातो. काहींच्या तोफा दोरी ओढली की एकदम आत जातात. आराखडे हाताशी नसल्यामुळे प्रमाण मात्र अनेकदा सुटलेले असते, डोलकाठ्या ताडमाड असतात. मग प्रमाणाविना बारकावा जिंकतोच ना? जिंकतो, पण वेगळ्या दरबारात. त्या वस्तू पाहताना आपण कैद्याच्या हाताला, त्याच्या धीराला दाद देतो. ते जहाज कसे होते, हे आपण त्यांना विचारत नाही, आणि विचारले तर त्या सांगू शकत नाहीत. पहिल्यापासून घडवलेल्या प्रतिकृतीने हे सांगावे, अशी आपली अपेक्षा असते.

आणि ते सांगायचे तर तारीख ठरवावीच लागते. ‘त्रिंकोमाली’चे आराखडे मुंबईला यायला निघाले ते ‘जावा’ या जहाजातून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पराभव केला, त्यात ते आराखडे गेले आणि इंग्लंडहून दुसरे मागवावे लागले. जहाज बांधले गेले तरी बराच काळ ते कामाविना पडून होते, आणि १८४० च्या दशकात त्याचे रूपांतर २६ तोफांच्या कॉर्व्हेटमध्ये झाले. आज हार्टलपूलला जाऊन मापे घेणाऱ्याला १८१७ चे डेक जसेच्या तसे मिळत नाही. १८१७ दाखवायचे तर लीडा वर्गाचे आराखडे आणि त्या काळचे तक्ते घ्यावे लागतात, नंतरचे रूप दाखवायचे तर आजचे जहाज. दोन्हींची सरमिसळ करून ‘जास्त भरगच्च’ डेक केले, तर असे जहाज कोणत्याच दिवशी समुद्रावर नव्हते.

तेव्हा कामाला लागताना पहिल्याच दिवशी तोफेला हात घालू नका. पुठ्ठ्यातून साडेपस्तीस मिलिमीटर उंचीचा एक माणूस कापा आणि काम संपेपर्यंत तो टेबलावर ठेवा. प्रत्येक फिटिंग तयार झाले की त्याला शेजारी उभे करा. त्याचा हात खुंटीपर्यंत पोचतो का, चाकाची मूठ त्याच्या तळव्यात मावते का, कठड्यावरून त्याला बाहेर डोकावता येते का, हे पाहा. मग त्याला जाळीवर उभा करा, आणि त्याचे पाऊल आत गेले तर जाळी पुन्हा करा.